एकमत होईपर्यंत

सभेला बसण्याआधी बाई दुकानाच्या दाराला आतून कुलूप लावायच्या आणि किल्ली एप्रनच्या खिशात टाकायच्या. "आता एकमत झाल्याबिगर कोण भायेर जायाचं नाय," असं म्हणून त्या भाजीच्या उपड्या क्रेटवर बसायच्या. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, गंमत करतायत. त्या दिवशीचा विषय होता, बटाटेवड्यात लसूण किती घालायची. दुपारी सुरू झालेली सभा उन्हं उतरली तरी चालूच. माझी मुलगी शाळेतून येऊन जिन्यात बसली असणार, रिबकामावशींची बस निघून गेली, एकीनं बाथरूमचं निमित्त केलं तर बाईंनी तिला मागची मोरी दाखवली. शेवटी लसणीवाल्यांनी थोडी कमी केली, बिनलसणीवाल्यांनी थोडी वाढवली आणि मग कुठं किल्ली बाहेर आली. ही बाई ठार वेडी आहे, उद्यापासून यायचं नाही, असं ठरवून मी घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा हजर. जाणार कुठं?

आम्ही सगळ्या जेरुसलेमच्या दक्षिणेकडल्या बेर्शेबा गावातल्या एका शर्टांच्या फॅक्टरीत होतो. मी ठाण्याहून लग्न होऊन आलेली, कॉलर लावायच्या मशीनवर बसायची. बाई सुपरवायझर. माझगावात वाढलेल्या, तरुणपणीच इकडं आलेल्या, लग्न न केलेल्या. नव्वदच्या दशकाच्या शेवटी मालकाला कळलं की सीमेपलीकडं मजुरी स्वस्त आहे, आणि आमच्या मशिनी ट्रकात चढल्या. शेवटच्या दिवशी मॅनेजरनं केक आणला आणि भाषण केलं, की आपण सगळे एक कुटुंब होतो आणि कुटुंबच राहणार. आम्ही बायका रडत होतो, मीही रडत होते, खोटं कशाला सांगू. बाई मात्र केकची बशी तशीच टेबलावर ठेवून उभ्या राहिल्या आणि हिब्रूत म्हणाल्या, "कुटुंब असतं तर घर विकायच्या आधी विचारलं असतं." मॅनेजरच्या हातातली सुरी केकमध्येच राहिली. सुपरवायझरनं असं बोलावं! आम्हाला तर रडायचंही सुचेना.

त्यानंतर त्यांनी आमच्या घरोघर जाऊन सांगितलं, की आपण स्वयंपाक करून विकायचा. मालक कोणी नाही, सगळ्या सारख्या. बाईंचे वडील मुंबईत कामगारांच्या एका ग्राहक भांडाराचे सेक्रेटरी होते, त्यामुळं बाई आमच्या या धंद्याला 'सोसायटी'च म्हणायच्या. हिब्रूतलं लांबलचक सरकारी नाव फक्त दारावरच्या पाटीवर. चौकातलं एक बंद पडलेलं लाँड्रीचं दुकान भाड्यानं मिळालं. भिंतींना साबणाचा वास होता, तो पुढं कित्येक महिने आमच्या भाताला येई. मुंबई-ठाण्याकडून आलेल्या आमच्या मराठी ज्यू लोकांची लग्नं, मेंदी, मुलांच्या तेराव्या वर्षीचे बारमित्झ्वा, नवसाच्या मलिद्याची ताटं, अशी कामं येऊ लागली. दुकान दोन पायांवर कधी उभं राहिलं ते आम्हालाच कळलं नाही.

बाईंच्या सोसायटीचे नियम ऐकून माणसाला घेरी यावी. प्रत्येकीनं प्रत्येक काम पाळीनं करायचं. आज जी कालवण करेल ती उद्या भांडी घासेल, आणि बाईंचीही त्यातून सुटका नाही. कोणी कुठलं पातेलं आपलं म्हणायचं नाही. बाईंना कोणी 'छान' म्हणायचं नाही. एकदा मी चुकून म्हणाले, "बाई, तुमच्यामुळं आम्ही जगलो." झालं! दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. आणि सभेत कोणीही काहीही सुचवलं की बाई त्याच्या विरुद्ध बाजू घ्यायच्या. स्वतः सुचवलेल्या गोष्टीवरसुद्धा कोणी हरकत घेतली नाही, तर ती मागं घ्यायच्या. "कोणीच भांडलं नाय, म्हंजे कोणी ऐकलंच नाय," हे ठरलेलं उत्तर. मोठी शेगडी घ्यायची त्यांनीच सुचवली, आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या आणि त्या पायी आमची शेगडी पुढच्या सणापर्यंत लांबली. मी कपाळाला हात लावला होता. आजही आठवलं की हात तिकडंच जातो.

एकदा कुठल्याशा प्रकल्पातर्फे एक तरुण मुलगी आम्हाला शिकवायला आली. सामाजिक उद्योग म्हणजे काय, तो टिकाऊ कसा करायचा, स्थानिक विकास म्हणजे काय, असं सगळं तिनं पडद्यावर रंगीत चित्रं दाखवून सांगितलं. बिचारी गोड होती. बाईंनी तिला पुरणपोळी खाऊ घातली आणि विचारलं, "तुझ्या हापिसात तुला कोण काढू शकतं?"

"माझा मॅनेजर."

"आणि तू कोणाला काढू शकतेस?"

ती हसली. "मी? कोणालाच नाही."

"मग तू आम्हाला काय शिकवणार ग पोरी?" असं हिब्रूत म्हणून बाई आमच्याकडं वळल्या आणि मराठीत म्हणाल्या, "ज्याला कोण काढू शकत नाय तो मालक. बाकी तुमी त्याला काय पण नाव द्या." मुलीला पुरणपोळी घशाखाली उतरेना. मला इतकी लाज वाटली की मी तिला डबा भरून दिला आणि बसथांब्यापर्यंत सोडून आले.

पण खरा छळ होता तो चहाचा. आमचं स्वयंपाकघर मटणा-कोंबडीचं, म्हणजे आमच्या धर्माप्रमाणं तिथं दुधाचा थेंब चालायचा नाही. तेवढं आम्हालाही कळत होतं. पण आमच्यातल्या काहींचं म्हणणं होतं की मागच्या अंगणात, वेगळ्या स्टोव्हवर, वेगळ्या भांड्यात दुधाचा चहा करायला काय हरकत आहे? बाईंनी त्या सभेत जो विरोध केला तो शेवटपर्यंत सोडला नाही. दाराच्या आत, दाराच्या मागं, कुठंही दूध नाही. "एक डाव दूध अंगणात आलं की ते घरात याया वाट बघतं," असं म्हणाल्या. तेव्हापासून आम्ही मुंबई-ठाण्याच्या बायका, दुधात पावडर उकळून चहा पिणाऱ्या, काचेच्या पेल्यात कोरा चहा घेऊ लागलो. बाई आमच्याबरोबर बसून, मिटक्या मारत तोच कोरा चहा प्यायच्या आणि म्हणायच्या, "सवय झाली का ह्योच गोड लागतो." मला कधी लागला नाही.

तपासणीला एक तरुण दाढीवाला मशगिआख यायचा. आमचं अन्न कोशर, म्हणजे धर्माच्या नियमांत बसणारं, आहे की नाही हे बघणं त्याचं काम. त्याच्या सहीचं सर्टिफिकेट भिंतीवर नसेल तर आमच्याकडून कोणी पावसुद्धा घेतला नसता. पहिल्यांदा आला तेव्हा आमचं कोंबडीचं कालवण उकळत होतं आणि रिबकामावशी त्यात पांढरंशुभ्र काहीतरी ओतत होत्या. गडी किंचाळलाच. "दूध! मांसात दूध!" बाईंनी त्याला क्रेटवर बसवलं, त्याच्यासमोर नारळ फोडला, खवला, पिळला आणि ते दूध त्याच्या नाकाखाली धरलं. त्याला पटलं. पण तो म्हणाला, की जुन्या ग्रंथात बदामाच्या दुधाबद्दल लिहिलंय, मांसाच्या कालवणात ते घातलं तर बघणाऱ्याला संशय येऊ नये म्हणून शेजारी बदाम ठेवावेत. तुम्ही नारळ ठेवा.

आम्हाला वाटलं आता बाई त्याला दारातून बाहेर काढणार. त्याचं कारण होतं. त्या तरुण असताना मोठमोठ्या रब्बींनी, म्हणजे धर्मगुरूंनी, आमच्या लोकांच्या लग्नांवर शंका घेतली होती, हे खरे ज्यू आहेत की नाहीत म्हणून. बाईंचं लग्न एका इराकी मुलाशी ठरलं होतं. लग्न नोंदायच्या कचेरीतल्या कारकुनानं त्यांच्या आजीचं, पणजीचं विचारलं, पुरावा मागितला. मुलाकडचे घाबरले आणि मागं सरले. त्यानंतर बाई जेरुसलेमला आमच्या लोकांबरोबर धरण्याला बसल्या आणि लग्नाचं नाव पुन्हा काढलं नाही. अशी बाई दाढीवाल्याचं ऐकेल? पण बाईंचे डोळे चमकले. बघणाऱ्याला संशय येऊ नये, ही गोष्टच त्यांना फार आवडली. आणि मग आमच्या प्रत्येक डब्यात कालवणावर करवंटीसकट नारळाचा तुकडा जाऊ लागला. एका बारमित्झ्वात कोणाचा तरी दात हलला, लोकांनी तक्रारी केल्या, खुद्द मशगिआख म्हणाला की एवढं नको, टेबलावर एक ठेवला तरी पुरे. बाई ढिम्म. तुकडा गेलाच पाहिजे.

एवढी कडक बाई. आता पुढचं ऐका.

लारिसा आमच्यात नवी होती. रशियाकडून आलेली, तिकडं म्हणे शाळेत रसायन शिकवायची. हिब्रू मोडकंतोडकं, मराठीचा गंधही नाही. पण हात चपळ आणि तोंड सरळ. त्या दिवशी रामला गावाला एका मेंदीचं जेवण जायचं होतं, आमच्याच लोकांतलं घर, आजवरचं सगळ्यांत मोठं काम. पाळीप्रमाणं कालवण लारिसाकडं आणि बाई मोरीवर, कोपरापर्यंत साबणात. मोठ्या पातेल्यात कोंबडी शिजत आलेली. लारिसाला नारळाचं दूध कमी वाटलं, म्हणून तिनं फ्रिज उघडला. आम्ही ते लोणच्याच्या काकड्यांच्या रिकाम्या बरण्यांत भरून ठेवायचो. पुढच्या बरण्या संपल्या होत्या. तिनं खालच्या फळीवर मागं हात घातला, तिथली एक काढली, झाकण उघडलं आणि ओतली.

"थांब!"

बाईंचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. त्या मराठीत ओरडल्या, लारिसाला काय कळणार? ती रिकामी बरणी हातात धरून बघत राहिली. तांबड्या रश्श्यात ते पांढरं विरूनही गेलं होतं. वेगळं काही दिसत नव्हतं, वास नव्हता, काही नव्हतं. बाई ओल्या हातांनी चुलीजवळ आल्या आणि गॅस बंद केला.

"ते नारलाचं नाय," त्या म्हणाल्या. "गाईचं हाय. माझं."

कोणाला काही उमजेना. रिबकामावशी हसल्यासुद्धा. "काय बाई, काय पण बोलता!"

"माझं हाय. रोज सकाली आणते. तुमी यायच्या आधी चाय करते. पयल्यापासून."

मी मटकन क्रेटवर बसले. आता खरं सांगते, त्या क्षणी माझ्या मनात धर्म नव्हता, रामल्याची मेंदी नव्हती, आमचं दुकान नव्हतं. माझ्या मनात फक्त एवढंच होतं, की मी कोरा चहा पीत होते! वर्षानुवर्षं! ही बाई माझ्यासमोर बसून मिटक्या मारत होती, आणि सकाळी आधी येऊन, दार लावून, दुधाचा चहा ढोसत होती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बाईंनी चोरून दारू प्यायली असती तरी मला एवढा धक्का बसला नसता.

रिबकामावशींचं डोकं माझ्यापेक्षा लवकर चालू लागलं. त्यांनी रस्त्याकडची खिडकी लावली. "कोणी बघितलं? आपण इतक्याच ना? हे सगलं मोरीत ओता. पातेलं भायेर फेका. दुसऱ्यात नवीन करू, टाईम हाय अजून. त्या पोराला काय कलणार?"

सगळ्यांनी एकदम होकार भरला. मशगिआखला कळलं असतं तर सर्टिफिकेट भिंतीवरून गेलं असतं, आणि सर्टिफिकेट गेलं की आम्ही गेलो. आमच्यातली एक एकटीच्या पगारावर तीन पोरं वाढवत होती. माझ्या नवऱ्याची पाठ गेली होती, तो घरी. आमच्या वयाच्या बायकांना त्या गावात दुसरं काम कोण देणार होतं? आणि आम्ही काही तो रस्सा कोणाला खाऊ घालत नव्हतो, ओतूनच देत होतो ना!

बाई हात पुसत टेलिफोनकडं निघाल्या.

मी आडवी उभी राहिले. "बाई, हे एकमतानं ठरवायचं. तुमचाच नियम आहे. लावा कुलूप!"

"एकमत आपल्या मनाच्या गोष्टीला लागतं ग," त्या म्हणाल्या. "पातेलं बाटलं. हे खरं हाय. खऱ्याला व्होट कशाला?"

"आम्ही रस्त्यावर येऊ, बाई!"

"ठावं हाय मला."

"मग कोणासाठी करताय हे? त्या दाढीवाल्यासाठी? ज्यांनी तुमचं लग्न मोडलं त्यांच्यासाठी?"

हे मी बोलायला नको होतं, पण बोलले. बाईंचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी माझा हात धरून मला बाजूला केलं, रागानं नाही.

"मला त्यांनी विचारलं, तू खरी का?" त्या म्हणाल्या. "मी खरी होते. मी सांगितलं, खरी हाय, आणि त्यांनी मानलं नाय. आज मी खोटं जेवण झाकून ठेवलं, तर त्यांचंच बरोबर होतं असं होईल. ते मी मरेपर्यंत होऊ देणार नाय."

आणि त्यांनी फोन फिरवला.

मशगिआख आला. त्यानं पातेलं बघितलं, बरणी बघितली, बाईंकडं बघितलं. रागावेल असं वाटलं होतं, पण त्याचा चेहरा अगदी पोरासारखा रडवेला झाला. "गेवेरेत," तो म्हणाला, म्हणजे बाईसाहेब, "तुम्ही मला कशाला सांगितलंत?" बाई म्हणाल्या, "तुझं काम कर." त्यानं भिंतीवरचं सर्टिफिकेट काढलं, दुमडू नये म्हणून छातीशी सपाट धरलं आणि गेला. रामल्याच्या लोकांनाही बाईंनीच फोन करून जसं घडलं तसं सांगितलं. तिकडून आरडाओरडा झाला तो मला लांबूनही ऐकू आला. आम्ही पीठ आणि बटाटे घेऊन आगगाडीनं तिकडं गेलो आणि त्यांच्याच स्वयंपाकघरात, त्यांच्याच कढईत पुरीभाजी केली. मेंदीला पुरीभाजी! नवरीची आई आमच्याकडं न बघता वाढत होती.

दुसऱ्या दिवशी बंद दुकानात सभा. बाईंनी कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि क्रेटवर न बसता उभ्याच राहिल्या. आधी मराठीत, मग लारिसासाठी हिब्रूत म्हणाल्या, "माझी सूचना हाय. मला काढा."

मग जे झालं ते बघायला हवं होतं. आदल्या दिवशी बाईंच्या नावानं बोटं मोडणाऱ्या आम्ही सगळ्या एकदम विरघळलो. रिबकामावशी रडत म्हणाल्या, की बाईंशिवाय सोसायटी कसली, चूक कोणाकडून होत नाही? दुसरी म्हणाली, की बाईंनी स्वतःहून सांगितलं, झाकलं नाही, हेच पुष्कळ. मीसुद्धा, रात्रभर त्यांच्या चहाला शिव्या घालून आलेली, म्हणाले की बाई आम्हाला आईच्या ठिकाणी आहेत. प्रत्येकीच्या बोलण्याबरोबर बाईंचा चेहरा उतरत चालला होता. आम्हाला वाटलं, पश्चात्तापानं.

"मी सहमत आहे."

हिब्रूत कोण बोललं म्हणून आम्ही वळलो. लारिसा फ्रिजला टेकून उभी होती.

"कशाशी?" मी विचारलं.

"बाईंशी. त्यांना काढायला हवं." तिला शब्द सापडत नव्हते, तरी ती थांबली नाही. "दूध माझं असतं तर? मी लपवलं असतं तर? तुम्ही मला काढलं असतं. कालच. कुलूपसुद्धा लावलं नसतं."

रिबकामावशींच्या तोंडून मराठीत जे निघालं ते लिहिण्यासारखं नाही. काल आलेली ही परकी बाई, ज्यांनी तिला काम दिलं त्यांनाच काढा म्हणते! माझेही हात शिवशिवत होते. आणि बाई? बाई हसत होत्या. डोळ्यांत पाणी, आणि तोंडभर हसू. त्या लारिसाजवळ गेल्या, तिचा गाल आपल्या खडबडीत हातानं कुरवाळला आणि आमच्याकडं वळल्या.

"ही एकटीच हितं मेंबर हाय," त्या म्हणाल्या. "तुमी बाकीच्या सगल्या माझ्या नातेवाईक."

हे ऐकून मला तो केक आठवला. फॅक्टरीतला मॅनेजर काय वेगळं म्हणाला होता? मालक नको, कुटुंब नको, सगळ्या सारख्या, म्हणून या बाईनं एवढा खटाटोप केला, आणि आम्ही शेवटी तिलाच आई करून बसलो होतो. तिला कोणी काढू शकत नव्हतं. म्हणजे ती मालकच. आणि हे तिला आमच्याआधी कळलं होतं.

पहिला हात बाईंचाच वर गेला, मग लारिसाचा. माझा हात कसा गेला ते मला आठवत नाही. रिबकामावशींचा सगळ्यांत शेवटी, तोही पदरानं तोंड झाकून. एकमत झालं. बाईंनी किल्ली ओट्यावर ठेवली, एप्रन सोडून घडी घातली आणि दार उघडून बाहेर गेल्या. मी त्यांच्या मागं धावले. बसथांब्यावर मी त्यांना म्हणाले, "बाई, आम्हाला हे नको होतं."

"मला पाहिजे होतं," त्या म्हणाल्या. "मी मेल्यावर तुमी काय कराल, ही धास्ती होती मला. आता झोप लागंल." आणि बसमध्ये चढून, ड्रायव्हरशी सुट्ट्या नाण्यांवरून भांडत आत गेल्या.

भांडी उकळत्या पाण्यातून काढणं, मातीची फोडून टाकणं, पुन्हा तपासण्या, पुन्हा अर्ज, असं करता करता दुकान उघडायला हिवाळा लागला. सर्टिफिकेट परत आलं ते एका अटीवर, की मशगिआख आमच्या पिशव्याही तपासेल. तो तपासायचा आणि तेव्हा त्याचे कान लाल व्हायचे. सभा चालवायची पाळी त्या महिन्यात लारिसाची होती.

पुढं बाईंनी आमच्याकडं बरीच वर्षं भांडी घासली, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तुमचा जीव टांगणीला नको. पण त्या आल्या कशा, ते सांगायचं राहिलं.

नवी बाई घ्यायची आमची रीत अशी, की तिला मोरीजवळच्या स्टुलावर बसवायचं, जिची पाळी असेल तिनं सगळ्यांच्या वतीनं प्रश्न विचारायचे, मग तिला बाहेर पाठवून आम्ही ठरवायचं. दुकान उघडल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात दोघीतिघी काम मागायला आल्या होत्या. त्यांच्या मागं, रांगेत, इस्त्रीचा झगा घालून आणि केस चापून बसवून बाई उभ्या होत्या. रिबकामावशींच्या हातातला डाव खाली पडला. मी "बाई, अहो आत या ना" म्हणत पुढं झाले, तर त्यांनी मला नजरेनंच मागं ढकललं. त्यांची पाळी आल्यावर त्या आल्या आणि स्टुलावर बसल्या.

लारिसा त्यांच्यासमोर उभी राहिली.

"काय काम येतं?" तिनं हिब्रूत विचारलं.

"भांडी घासता येतात."

"स्वयंपाक?"

"येतो. पण चुलीजवळ मला जायचं नाही."

"याआधी कुठं होता?"

"इथंच."

"का सोडलंत?"

"सोडलं नाही. काढलं." बाईंनी मान ताठ ठेवली होती. "मी नियम मोडला. मीच केलेला."

कोणीतरी एवढ्यावर थांबवेल, कोणीतरी पुढं होऊन बाईंना मिठी मारेल आणि ही चेष्टा संपेल असं मला वाटत होतं. लारिसानं आमच्याकडं बघितलं, मग बाईंकडं.

"बाहेर थांबा," ती म्हणाली. "आम्हाला ठरवायचंय."

बाई झटकन उठल्या. इतकं खूष मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. बाहेर थंडीतल्या उन्हात, काम मागायला आलेल्या दुसऱ्या बायकांच्या शेजारी, दोन्ही हातांनी पर्स धरून त्या उभ्या राहिल्या.